काळी खिडकी परत उघडू द्या

वाचकाचं पत्र

कुडाळला माझं कर-सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. चार मशीनं आहेत. हिशेबाचा सगळा डेटा मोठ्या मशीनवर. त्याची रोजची नक्कल कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर जावी म्हणून भाच्याने एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत, लावून दिली होती. संध्याकाळी साडेसातला एक काळी खिडकी उघडायची, कोणीतरी एंटर मारला की जायची. ऐन कामात ती मध्ये येते म्हणून ऑफिसातल्या मुली वैतागल्या. एप्रिलमध्ये भाचा आला तेव्हा त्याने ते काम रात्री साडेअकराला नेलं आणि खिडकी दिसणारच नाही असं काहीतरी केलं. परवा मृगाच्या पहिल्याच पावसात वीज गेली आणि मोठं मशीन उठेना. जुन्या मशीनवर पाहिलं तर शेवटची फाइल १४ एप्रिलची! देवाची कृपा, मोठं मशीन दुसऱ्या दिवशी सुरू झालं. शेड्यूलरमध्ये त्या कामापुढे ‘रनिंग’ लिहिलंय आणि निकालाच्या खान्यात ०एक्स४१३०१ असा आकडा आहे. फाइलवर डबल-क्लिक केलं की मात्र सगळं व्यवस्थित कॉपी होतं. आता भाचा म्हणतो, याची विंडोज सर्व्हिसच करून टाकू, म्हणजे पडद्यामागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, लिनक्सवर डीमन असतो तसा, की कटकट संपेल. करू का? बॅच फाइल सोबत पाठवते आहे. मोठं मशीन रात्रभर चालू असतं, बाकीची आम्ही आठला बंद करून निघतो.

उत्तर

ताई, सर्व्हिस करू नका. का ते पुढे सांगतो, पण आधी तुमच्या भाच्याची बाजू घेतो. त्याने लिहिलेली फाइल वाईट नाही. ती माणसासमोर चालवायची फाइल होती आणि तिला माणूस नसलेल्या खोलीत नेऊन बसवलं, एवढंच झालंय.

तुम्ही पाठवलेल्या पाच ओळींतली शेवटची ओळ बघा. तिथे एकच शब्द आहे, ‘पॉज’. नक्कल झाली की खिडकी लगेच मिटू नये, काय झालं ते वाचता यावं, म्हणून बहुतेक जण तो शब्द शेवटी टाकतात. त्याचा अर्थ, कोणीतरी कीबोर्डवरचं एखादं बटण दाबेपर्यंत थांब. संध्याकाळी साडेसातला हे बटण तुमच्या ऑफिसातली कोणीतरी मुलगी वैतागून दाबत होती. ती वैतागत होती आणि तुमचा बॅकअप पूर्ण होत होता. रात्री साडेअकराला ऑफिसात बटण दाबायला कोण आहे? बरं, असतं तरी उपयोग नव्हता. भाच्याने खिडकी घालवण्यासाठी ‘यूजर लॉग-इन असो वा नसो, चालव’ हा पर्याय निवडला असणार. तो निवडला की काम पडद्यामागच्या वेगळ्या सत्रात चालतं. तिथली खिडकी तुमच्या स्क्रीनवर कधीच येत नाही, आणि तुमचं एंटर तिथे पोचत नाही.

म्हणून तो ०एक्स४१३०१. हा बिघाडाचा आकडा नव्हे. टास्क शेड्यूलरच्या भाषेत त्याचा अर्थ ‘काम अजून चालू आहे’ एवढाच. मशीन खोटं बोलत नव्हतं, ते खरोखरच बटणाची वाट बघत होतं. दुसऱ्या रात्री साडेअकरा वाजले की शेड्यूलर बघणार, आधीचंच काम संपलेलं नाही. अशा वेळी नवीन सुरू करायचं नाही, ही तिथली मूळची मांडणी. आणि तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेलं काम बंद करायचं, हीसुद्धा मूळचीच मांडणी. म्हणजे एप्रिलपासून तुमच्याकडे हेच चाललंय: तीन दिवस वाट बघायची, मग हाताला धरून बाहेर काढायचं, की पुढच्या साडेअकराला परत तोच दाराशी उभा.

आता तुम्ही म्हणाल, ‘पॉज’ खोडते, झालं. खोडाच, आजच खोडा. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण १४ एप्रिलनंतरची एकही फाइल पलीकडे गेलेली नाही, आणि ‘पॉज’ तर नक्कल झाल्यानंतर येतो. म्हणजे घोळ त्याच्या आधीच्या ओळीतही आहे.

ती ओळ म्हणते, डी ड्राइव्हवरचा हिशेबाचा फोल्डर झेड ड्राइव्हवर ने. हा झेड कुठला? जुन्या मशीनवरचा शेअर केलेला फोल्डर, ज्याला तुम्ही कधीतरी झेड हे अक्षर देऊन ठेवलंत. पण हे अक्षर मशीनचं नसतं. ते तुमच्या लॉग-इनचं असतं. तुम्ही आत आलात की ते उगवतं. पडद्यामागे काम करणाऱ्याला झेड नावाची गोष्टच ठाऊक नसते. आपण गावात ‘वडापलीकडच्या घरात ठेव’ म्हणतो आणि गाववाल्याला ते कळतं. परगावचा हमाल वड शोधत बसतो. ही नक्कल करणारं विंडोजचं अवजार म्हणजे रोबोकॉपी, त्याने रात्री तक्रार नक्कीच केली असेल. ती त्याने काळ्या खिडकीत लिहिली, आणि खिडकी तर आपणच नाहीशी केली होती.

डबल-क्लिक केल्यावर सगळं चालतं याचं कोडंही इथेच सुटतं. डबल-क्लिक तुम्ही करता तेव्हा ते काम तुमच्या नावाने, तुमच्या झेडसकट, तुमच्या डोळ्यांदेखत चालतं. त्यामुळे ठरावीक वेळेच्या कामाची चाचणी कधीही फाइलवर डबल-क्लिक करून घेऊ नये. शेड्यूलरमध्ये त्या कामावर उजवं क्लिक करून ‘रन’ म्हणावं, म्हणजे ते नेमून दिलेल्या खात्याने आणि नेमून दिलेल्या परिस्थितीत चालतं. एप्रिलमध्ये ही चाचणी झाली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी तुम्ही स्वतःच शेवटच्या वाक्यात लिहून गेलात. बाकीची मशीनं आठला बंद होतात. मग रात्री साडेअकराला जुनं मशीन कुठून नक्कल घेणार? पत्ता बरोबर असता तरी घराला कुलूप होतं.

माझा सल्ला तुम्हाला कदाचित मागासलेला वाटेल. काळी खिडकी परत आणा. रात्रीची कामं रात्री लावायची ही पद्धत मोठ्या सर्व्हर-खोल्यांतून आली. तिथे यंत्रं चोवीस तास चालतात, दिवसा त्यांच्यावर गर्दी असते आणि रात्री बघायला माणूस नेमलेला असतो. चार मशीनांच्या ऑफिसात यातलं एकही कारण लागू होत नाही. तुमच्याकडे दुपारी सगळे डबे उघडतात ना? सव्वादोनची वेळ लावा. चारही मशीनं चालू असतात, तुम्ही लॉग-इन असता, झेड जागेवर असतो. पर्याय ‘यूजर लॉग-इन असेल तेव्हाच चालव’ हा ठेवा. त्याच्याखाली ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची चौकट असते, ती रिकामी असू द्या. तिथे खूण केली तर विंडोज ते काम तुमच्याच पण वेगळ्या दर्जाच्या ओळखीने चालवतं, आणि त्या ओळखीला झेड पुन्हा दिसत नाही. खिडकी उघडेल, पाच-दहा मिनिटं पांढरी अक्षरं धावतील, मिटेल. ‘पॉज’ नसल्यामुळे कोणाला बटण दाबायला लागणार नाही. जेवायच्या आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळ्यांनी बंद करायचं, एवढा एक नियम.

तो नियम का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा खड्डा तिथेच आहे. रोबोकॉपी हे गुणी अवजार आहे. विस्टापासून विंडोजमध्येच येतं, बदललेल्या फाइलीच तेवढ्या नेतं. पण एखादी फाइल कोणी उघडून धरली असेल आणि तिची नक्कल घेता आली नाही, तर ते तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं. किती वेळा? तुम्ही काहीच सांगितलं नाही तर दहा लाख वेळा. गुणाकार करून बघा, तुमचा तो धंदाच आहे. सुमारे ३४७ दिवस होतात. एका मुलीने खातेवही उघडी ठेवून डबा उघडला, तर रोबोकॉपी पुढच्या मार्च एंडपर्यंत त्या एका फाइलीपाशी बसून राहू शकतं. त्यामुळे ओळीच्या शेवटी दोन जोडण्या द्या: स्लॅश आर कोलन २, आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १०. दोनदा परत बघ, मध्ये दहा सेकंद थांब, नाही जमलं तर सोड आणि पुढे जा.

त्याच ओळीत भाच्याने ‘स्लॅश मिर’ लिहिलंय. ते काढा आणि त्या जागी ‘स्लॅश ई’ लिहा. मिर म्हणजे आरसा. मूळ जागी जे नाही ते नकलेतूनही पुसून टाकायचं. माझ्या ओळखीच्या एका दुकानात कोणीतरी माऊसच्या घसटीत हिशेबाचा फोल्डर उचलून भलत्याच ठिकाणी टाकला, आतलं सगळं गेलं आणि वरचा रिकामा सांगाडा राहिला. संध्याकाळी आरशाने इमानेइतबारे नक्कलही रिकामी केली. स्लॅश ई फक्त भर घालतं, पुसत नाही. जागा थोडी जास्त लागेल, लागू दे.

आता निकालाच्या आकड्याबद्दल, नाहीतर चार दिवसांनी तुमचं दुसरं पत्र येईल. हे सगळं केल्यावर निकालाच्या खान्यात ०एक्स१ दिसेल आणि तुम्ही घाबराल. सगळीकडे शून्य म्हणजे ठीक आणि एक म्हणजे चूक, असा रिवाज आहे. रोबोकॉपीचा रिवाज उलटा. त्याच्याकडे शून्य म्हणजे ‘न्यायला काही नव्हतं’, एक म्हणजे ‘फाइली नेल्या, सगळं छान’, आणि आठ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे काहीतरी राहिलं. कामाच्या दिवशी शून्य दिसलं तर खरी काळजी करायची! हा घोळ मिटवायला रोबोकॉपीच्या ओळीखाली दोन ओळी घाला. पहिली ‘इफ एररलेव्हल ८ एक्झिट १’, म्हणजे आठ किंवा वर असेल तर चूक म्हणून बाहेर पड. दुसरी नुसती ‘एक्झिट ०’. मग शेड्यूलरमधला आकडा आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे वाचता येईल. आणि रोबोकॉपीला लॉगची जोडणी देऊन ठेवा, म्हणजे खिडकीत धावणारी अक्षरं एका फाइलीत उतरतील; ती खिडकीतही दिसत राहावीत म्हणून सोबत ‘स्लॅश टी-ई-ई’ लिहा. लॉगचा पत्ता पूर्ण लिहा, ड्राइव्हच्या अक्षरापासून. नुसतं फाइलचं नाव दिलंत तर ती बहुधा विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात जाऊन पडेल किंवा तिथे लिहायची परवानगी नाही म्हणून तयारच होणार नाही, कारण ‘कुठून सुरुवात’ हा रकाना रिकामा असला की शेड्यूलरचं काम तिथूनच सुरू होतं. हा रकाना भरायचा असेल तर त्यात अवतरणचिन्हं घालू नका, पत्त्यात मोकळी जागा असली तरी. बाकी सगळीकडे लागतात, इथे नेमकी नडतात.

विजेचं म्हणाल तर शेड्यूलरच्या ‘कंडिशन्स’ या पानावर दोन खुणा आधीच केलेल्या असतात: मशीन मेन वीजेवर असेल तरच सुरू कर, आणि बॅटरीवर गेलं तर थांबव. ही सोय लॅपटॉपसाठी. तुमचं मोठं मशीन डेस्कटॉप आहे, पण यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडलेली असेल तर विंडोज यूपीएसला बॅटरीच समजतं. घड्याळाशेजारी बॅटरीचं चित्र दिसतंय का बघा. दिसत असेल तर सव्वादोनला वीज नसेल त्या दिवशी काम गपचूप टळेल, आणि जून ते सप्टेंबर तुमच्याकडे सव्वादोनला वीज असेलच याची हमी कोण देणार? नक्कल पाच मिनिटांची आहे आणि यूपीएस तेवढं तग धरत असेल तर दोन्ही खुणा काढा. जुनं मशीनही त्याच यूपीएसवर आहे ना, तेही बघा. तेच बंद पडत असेल तर खुणा काढून फायदा नाही.

‘सेटिंग्ज’च्या पानावर मात्र एक खूण करायची आहे, कारण ती आपोआप नसते: ठरलेली वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर काम कर. ती केली की एखाद्या दिवशी दुपारी मशीन बंद राहिलं तरी सुरू झाल्यावर शेड्यूलर ते काम उरकून घेतो. लगेच नाही, साधारण दहा मिनिटं जाऊ देतो, तेव्हा सुरू होताक्षणी खिडकी आली नाही म्हणून हाकाटी करू नका. त्याच पानावर तीन दिवसांची मुदत आहे, ती एक तासावर आणा. आणि उजवीकडच्या पट्टीत ‘सगळ्या कामांचा इतिहास ठेव’ असा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो. चालू करा. तो चालू असता तर मला पत्रावरून एवढं हेरगिरीचं काम करावं लागलं नसतं.

आता सर्व्हिस. भाच्याने डीमनची आठवण काढली म्हणून सांगतो. हा शब्द १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात, प्रोजेक्ट मॅक या संगणक-संशोधन प्रकल्पातल्या मंडळींनी आयबीएम ७०९४ या यंत्रावर काम करताना घेतला, मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने कल्पिलेल्या, न दिसता रेणू निवडत बसणाऱ्या चिमुकल्या भुतावरून. तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला तो समजवायला मॅक्सवेल कशाला हवा. डीमन म्हणजे राखणदार. दिसत नाही, झोपत नाही, हद्दीत काही हललं की उठतो. प्रिंटरला काम मिळेपर्यंत वाट बघणारा स्पूलर हा राखणदार. नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारी सर्व्हिस हा राखणदार. खुद्द टास्क शेड्यूलर हीसुद्धा एक सर्व्हिसच, घड्याळाकडे बघत बसलेली. ज्याला सतत जागं राहायचंय त्याची सर्व्हिस करावी. दिवसातून एकदा पाच मिनिटांचं काम करणाऱ्याला राखणदार नेमत नाहीत, त्याला वेळ सांगून बोलावतात.

शिवाय बॅच फाइलची सर्व्हिस अशी सरळ होतही नाही. सर्व्हिस सुरू करणारी विंडोजची यंत्रणा त्या प्रोग्रामकडून एका ठरावीक पद्धतीच्या उत्तराची वाट बघते, साधारण तीस सेकंद. बॅच फाइलला ते उत्तर देता येत नाही, मग १०५३ क्रमांकाची चूक येते. त्यावर मधला एखादा पूरक प्रोग्राम बसवून मार्ग काढतात. तो काढला तरी हाती काय लागणार? विस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्याच सत्रात कोंडलेल्या असतात, म्हणजे खिडकी पुन्हा अदृश्य. खातं साधारणपणे सिस्टिमचं, म्हणजे या मशीनवर अमर्याद अधिकार आणि पलीकडच्या मशीनवर ओळखही नाही. झेड पुन्हा नाही. एप्रिलमधलाच आजार, फक्त आता दुरुस्त करायला जास्त अवघड.

पुढेमागे ऑफिस वाढलं आणि खरंच रात्रीच काम लावायची वेळ आली, तर तीन गोष्टी भाच्याला सांगून ठेवा. झेड न लिहिता पूर्ण पत्ता लिहायचा: दोन उलट्या तिरप्या रेघा, जुन्या मशीनचं नाव, पुन्हा एक रेघ, फोल्डरचं नाव. ‘पासवर्ड साठवू नको’ या चौकटीत खूण करायची नाही, कारण ती केली की कामाला फक्त याच मशीनवरच्या गोष्टी मिळतात, नेटवर्क मिळत नाही. आणि मशीनच्या खात्याला खरा पासवर्ड हवा. चार आकडी पिन तिथे चालत नाही, आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज अशी पडद्यामागची कामं करू देत नाही. पासवर्ड बदलला की शेड्यूलरमध्येही बदलायचा, हे तर ठरलेलं.

जाता जाता एक विचारतो. दोन्ही मशीनं एकाच खोलीत, बहुतेक एकाच बोर्डावर. तुमच्याकडे वीज कडाडते तेव्हा ती मोठं मशीन आणि जुनं मशीन असा भेद करत नाही. खंडणी मागणारा व्हायरसही झेड उघडा दिसला की दोन्हीकडचं कुलूपबंद करतो. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, शुक्रवारी तिच्यावर नक्कल उतरवा, वायर काढा आणि पर्समध्ये टाकून घरी न्या. न्यायच्या आधी तिच्यावरची एखादी फाइल, समजा त्याच आठवड्यात भरलेलं एखादं रिटर्न, उघडून बघा. उघडलं तर बरं. नाही उघडलं तर लॉगची फाइल मला पाठवा, आणि मुलींना सांगा, सव्वादोनला काळी खिडकी आली नाही तर ओरडायचं.